पांढऱ्या कोंबड्यांची फिर्याद

त्या केसची आठवण निघाली की आजही माझी कानशिलं तापतात. खून, दरोडे, जाळपोळ हे सगळं मी नोकरीत पाहिलं. खुन्यांना फाशीपर्यंत पोचवलं आणि घरी येऊन निवांत जेवलो. पण एका बाईच्या कोंबड्या चोरीला गेल्या, त्या केसचा राग अजून उतरलेला नाही. हे सांगितलं की लोक हसतात. त्या वेळी माझे वरिष्ठही हसले होते. म्हणूनच आज सगळं लिहून काढतो आहे. नावं कुणाचीच देणार नाही. ज्यांची द्यायला हवीत ते वारले, आणि त्यांची नातवंडं आज गावात मानाने फिरतात.

लढाईचे दिवस होते. इस्लामपूरच्या बाजूला एका ठाण्यावर मी फौजदार होतो. सांगली जिल्हा तेव्हा झाला नव्हता. तो मुलूख साताऱ्यातच मोडायचा, आणि मधेमधे संस्थानांचे तुकडे. नदीच्या या काठाला चोरी झाली आणि माल त्या काठाला गेला की आमचे हात बांधले जात, कारण पलीकडे राज्य दुसऱ्याचं. गावोगावची तरणी माणसं पलटणीत गेलेली, काही चळवळीत भूमिगत झालेली, आणि आमचे निम्मे शिपाई त्यांच्या मागावर. ठाण्यात उरलो होतो मी, एक पिकला हवालदार आणि दोन शिपाई.

एका सकाळी मी टपाल बघत बसलो होतो. बाहेर गलका झाला. नदीकाठच्या एका गावचा पोलीस पाटील पंधरा-वीस माणसं घेऊन ठाण्याच्या आवारात शिरला. मधोमध दोरखंडाने बांधलेला एक माणूस. काळा, वाळका, अंगावर फक्त लंगोट. पारधी होता. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला त्याचं पाल होतं, तितर-लावे धरून तो बाजारात विकायचा. त्या काळी पारध्यांना कायद्यानेच गुन्हेगार ठरवलेलं होतं. चोरी करो न करो, त्यांनी पाटलाकडे रोज हजेरी द्यायची आणि पाटलाला विचारल्याशिवाय गावची शीव ओलांडायची नाही.

"रावसाहेब, चोर आणलाय," पाटील म्हणाला. अंगात स्वच्छ सदरा, डोक्याला फेटा, आवाजात लग्नाचं आमंत्रण द्यायला आल्यासारखी खुशी. "पलटणीतल्या आमच्या गड्याची बायकू हाय, तिच्या इलायती कोंबड्या ह्यानं रातोरात फस्त केल्या. पिसं गावली पालाम्होरं. पंच बी संगट आणल्यात."

त्या माणसाचा उजवा हात कोपराखाली सुजून भोपळा झाला होता आणि नको तिथे वाकला होता.

"याचा हात कुणी मोडला?"

"पळताना पडला, रावसाहेब."

मी उठून त्याला पाठमोरा केला. पाठीवर काठीचे वळ होते, एकावर एक, काही फुटलेले.

"पाठीवरही पडला होता काय?"

पाटील हसला. मागची चार माणसंही हसली. पाटलाचा थोरला मुलगा, चांगला मिसरूड फुटलेला गडी, सगळ्यात मोठ्याने हसला. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

तेवढ्यात मागून एक बाई धावत आली. पस्तिशीची असेल. पदर कमरेला खोचलेला, पाय धुळीने भरलेले. माणसांना बाजूला सारत ती थेट माझ्यापुढे उभी राहिली.

"सायेब, कोंबड्या माज्या गेल्या. पर मी ह्याचं नाव घेतल्यालं न्हाई. म्या म्हायेरास्नं आले तवा ही समदी ह्याला मारत हुती. 'नका मारू, नका मारू' म्हणून मी वराडले, तर मलाच म्हणत्यात, तू गप बस, तुज्यासाटनंच चाललंय. माज्यासाटनं? मी सांगितलं हुतं व्हय हात मोडायला?"

"आगं, तुला काय कळतंय," पाटील म्हणाला.

"मला माज्या कोंबड्या कळत्यात, पाटील. त्या कुनी न्हेल्या ते तुमाला कसं कळलं, ते सांगा."

मी दोर सोडायला लावला, पारध्याला शिपायाबरोबर सरकारी दवाखान्यात पाठवलं आणि जमलेल्या सगळ्यांना बाहेर काढलं. हवालदार माझ्या जवळ आला. त्याची तीस वर्षं याच मुलखात गेली होती. हळूच म्हणाला, "साहेब, पारधी कोंबडी चोरेल की नाही ते देव जाणे. पण चोरलीच तर पिसं दारात वाळत घालणार नाही. ही जात एवढी खुळी असती तर आपल्याला काम काय उरलं असतं?"

बाईची फिर्याद मी स्वतः लिहून घेतली. घोड्यावरून गावी गेलो, तिचं परसू पाहिलं, तेव्हा मला कळलं की हे प्रकरण चार कोंबड्यांचं नव्हे.

कधीकाळी पाय मोडल्यामुळे ती मिशनच्या दवाखान्यात बरेच दिवस पडून होती. तिथल्या गोऱ्या नर्सबाईंनी आवारात विलायती कोंबड्या पाळल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, पिवळ्या पायांच्या, तांबडाभडक तुरा एका अंगाला लवलेला. काठी घेऊन चालायला लागल्यावर ही बाई त्या कोंबड्यांचं बघू लागली. घरी निघताना नर्सबाईंनी तिला पिल्लांची एक जोडी दिली आणि मायदेशी जाताना आणखी काही कोंबड्या. त्यांतून तिने आपल्या परसात पैदास केली होती. सासू बहिरी, नवरा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, त्याची खुशाली येईल तेव्हा येईल. दिवसभर तिचं मन या परसात.

तिने मला खुराडं दाखवलं. बाभळीच्या काट्यांचं दुहेरी कुंपण, खाली राख, कोपऱ्यात शिंपल्यांचा चुरा. अंड्याचं कवच घट्ट व्हावं म्हणून तो खायला घालायचा.

"काटं मुंगसासाटनं न्हाईत, सायेब. गावातल्या कोंबड्यांसाटनं हाईत. गावचा नर एकडाव आत शिरला की माजं समदं रगात बिघडलं. ह्या कोंबड्या नुसती अंडी घालत्यात, बसत मातूर न्हाईत उबवाय. म्हणून एक गावठी खुडूक ठिवलीया. ती ह्यांची पोरं उबवती आन् आपलीच म्हणून फिरवती."

"पण एवढा खटाटोप कशासाठी?"

"गावठी कोंबडी चार दिस अंडी घालती आन् खुडूक हून बसती. ही वरीसभर घालती. म्हणलं, आपल्या परसात रगात चोख ठिवायचं, आपल्या आपल्यातच वाढवायचं, आन् चांगलं बळ धरलं की गावातल्या एकेका बाईला अंडी द्याची. आतापत्तुर कुनाला दिली न्हाईत. मागितली लयजनांनी."

"पाटलांनी मागितली होती?"

"कोंबडाच मागितला हुता. जोडीला धा कोंबड्या. म्हणलं, न्हाई. कोंबडा गेला की माजं समदंच गेलं. पाटील म्हणालं, बघू."

ती माहेरी कोरेगावकडे बारशाला गेली तेवढ्या वेळात कोंबडे, कोंबड्या, सगळं गेलं होतं. उरली होती ती गावठी खुडूक. मी पंचनामा केला. कुंपण तुटलेलं नव्हतं, खुराड्याची कडी सरळ उघडलेली. पारध्याच्या पालापुढची पिसं पंचांसमक्ष ताब्यात घेतली होती, ती मी तिच्यापुढे ठेवली. तिने एक उचललं, उजेडात धरलं आणि टाकून दिलं.

"ही झडल्याली पिसं हाईत. खुराड्यातनं झाडून गोळा केल्याली. राख बगा की चिकटल्याली. कापल्यालं पाखरू असतं तर बुडाला रगात लागलं असतं."

राख होतीच. पाटलाने आणलेले पंच एकमेकांकडे बघू लागले. "कोंबड्यांची हाडं कुठं आहेत? आतडी? चूल?" मी विचारलं. मग त्यांना घेऊन ओढ्याकाठच्या पालावर गेलो. पालात चुलीवर नाचणीची आंबील होती आणि पारध्याची बायको कोपऱ्यात बसून आमच्याकडे बघत होती. रडत नव्हती. पोलीस पालात शिरले की काय होतं हे तिला पुरतं माहीत होतं. ती फक्त ते सुरू व्हायची वाट बघत होती. माझ्या अंगातल्या खाकीची मला त्या क्षणी चीड आली.

ठाण्यावर परतलो तर सर्कल इन्स्पेक्टर येऊन बसलेले. पाटील आधीच त्यांना भेटून गेला होता. "फौजदार, मुलखात काय पेटलंय आणि तुम्ही कोंबड्या शोधत फिरताय? पारध्यावर चार्जशीट करा आणि मोकळे व्हा. पाटील आपला माणूस आहे. आज त्याला दुखवलंत तर उद्या खबर कोण देईल?"

मी म्हणालो, "साहेब, खोटी खबर देणारा आपला माणूस कसा?"

त्यांना ते आवडलं नाही. पण त्यांनी लेखी हुकूमही दिला नाही. असली कामं तोंडीच सांगायची असतात, एवढं तेही जाणून होते.

पारध्याचा हात दवाखान्यात फळ्या लावून बांधला होता. त्याला परत पालावर धाडलं असतं तर दुसरा हात राहिला नसता. म्हणून आरोपी म्हणून नव्हे, त्याच्या जिवासाठी मी त्याला ठाण्याच्या ओसरीतच ठेवलं. दोरखंडाने करकचून बांधल्यामुळे डाव्या हाताची बोटंही सुजली होती. बायको यायची आणि घास भरवून जायची.

खबर मिळाली ती आठवड्याच्या बाजारात. साध्या कपड्यात फिरताना मी टोपल्या विणणाऱ्या बुरडापाशी थांबलो. कोंबड्या नेण्यासाठी लागणारं डालगं मागितलं, झाकणाचं. तो म्हणाला, "झाकणाचं तयार न्हाई. कुनी घेत बी न्हाई. मागल्या बाजारी त्या गावच्या पाटलाच्या गड्यानं तसली दोन करून न्हेली, मोठाली. म्हणलं, एवड्या कोंबड्या कुठं चालवल्यात? तर गप बसला." गिऱ्हाईक तोंड बांधून बसतं तेव्हा विकणाऱ्याला ते हमखास लक्षात राहतं. हा अनुभव मला पुढेही कितीतरी वेळा उपयोगी पडला.

पाटलाच्या त्या गड्याला मी बोलावून घेतलं. चाळिशीचा माणूस, पिढीजात पाटलाच्या घरी राबणारा. बोलताना पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायचा. सकाळपासून विचारत होतो, एकच उत्तर. "मला म्हाईत न्हाई जी." डालगी? "म्हाईत न्हाई जी." बुरूड? "वळकत न्हाई जी."

एक शिपाई म्हणाला, "साहेब, माझ्याकडे द्या. तासाभरात गातो की नाही बघा." मी नको म्हटलं. मारून बोलवलेला माणूस मारणाऱ्याला हवं ते बोलतो, आणि पारध्याच्या पाठीवर मी ते लिहिलेलं पाहिलं होतं. शिवाय भीतीने हा गडी बोलणारच नव्हता. पाटलाची भीती माझ्या भीतीपेक्षा जुनी होती.

दुपारी मी त्याला ओसरीत आणलं. पारधी भिंतीला टेकून बसला होता. तापाने डोळे लाल झालेले.

"याला तहान लागली आहे," मी गड्याला म्हणालो. "हात चालत नाहीत याचे. पाणी पाज."

तो चपापला. पारध्याच्या तोंडाला भांडं लावायचं, हे त्याने जन्मात केलं नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, हवालदाराकडे पाहिलं. हवालदाराने तांब्या त्याच्या हातात दिला. तो वाकला. पारध्याने तांब्याला ओठ लावले आणि गटागटा पिऊ लागला. पाणी हनुवटीवरून छातीवर सांडलं. पिऊन झाल्यावर पारधी म्हणाला, "देव तुजं भलं करील, दादा."

गड्याच्या हातून तांब्या पडला. तो तिथेच खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंडावर मारून घेऊ लागला.

"मला दादा म्हणू नगंस रं, गड्या! मीच न्हेल्या! मीच तुज्या दारात पिसं टाकली!"

मग सगळं बाहेर आलं. पाटलाला आपल्या थोरल्या मुलाला नदीपलीकडच्या संस्थानात नोकरीला चिकटवायचं होतं. तिथल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या बायकोला विलायती कोंबड्यांची हौस होती. पाटलाने बाईकडे कोंबडा मागितला, ती नाही म्हणाली. बाई माहेरी गेली तशी भर दुपारी गड्याने बहिऱ्या सासूच्या मागून खुराडं उघडलं, दोन डालग्यांत कोंबड्या भरल्या आणि नावेने पलीकडे नेऊन पोचवल्या. "आणि पिसं?" मी विचारलं. "मालक म्हणालं, पारध्याच्या पालाम्होरं टाक, म्हंजी कुनी इचारायचंच न्हाई." मारायला सुरुवात कुणी केली? "धाकल्या मालकांनी, पाटलांच्या ल्योकानं. थोरलं मालक बगत हुतं."

मी त्याला बजावलं, की माझ्यापुढे बोललेलं कोर्टात चालत नाही, मॅजिस्ट्रेटपुढे बोलावं लागेल, आणि बोललास तर तूही अडकशील. तो म्हणाला, "अडकू द्या जी. आता माज्याच्यानं पाणी बी गिळवत न्हाई." दुसऱ्या दिवशी त्याने मॅजिस्ट्रेटसमोर कबुलीजबाब दिला.

आता माल. संस्थानच्या हद्दीत शिरायचं तर परवानगीचा कागद साताऱ्याला जाणार, तिथून वर, तिथून संस्थानात, मग त्याच वाटेने परत. तोवर कोंबड्यांची पिढी बदलली असती. सर्कल साहेबांनी अर्ज बघून बाजूला ठेवला. मी खाकी उतरवली, धोतर नेसलो आणि बाईला घेऊन नावेत बसलो. परवानगीशिवाय गेलो, हे पुढे माझ्या अंगाशी आलं. आज पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तसाच जाईन.

बंगला मोठा होता. त्या अधिकाऱ्यांच्या पत्नी व्हरांड्यात आल्या. कोंबड्या बघायला लांबून माणसं आली म्हणून त्यांना कौतुक वाटलं. "या ना, या. पाटलांनी भेट पाठवल्या. अस्सल विलायती आहेत हं!"

मागच्या आवारात जाळीत दोन पांढऱ्या कोंबड्या होत्या. दोनच.

बाईने जाळीचं दार उघडलं, एक कोंबडी उचलली आणि तिचा पंजा माझ्यापुढे फाकवला. बोटांमधल्या पातळ कातडीला बारीक गोल भोक होतं. पिल्लू लहान असताना ती तापवलेल्या दाभणाने तसं भोक पाडायची. एका सालच्या पिल्लांना एका बोटाशेजारी, पुढच्या सालच्यांना दुसऱ्या. कोणती कोणाची पोर हे तिला त्यावरून कळायचं. फिर्यादीत तिने मला ते सांगितलं होतं, आणि आता मी डोळ्यांनी पाहिलं.

"बाकीच्या कुठं हाईत?" तिने विचारलं.

बाईसाहेब जरा गोंधळल्या. "अगं, परवा गोरे पाहुणे आले होते जेवायला. आमच्या आचाऱ्यानं... म्हणजे कोंबडा फार भांडखोर होता, आणि माणसंही बरीच होती. का?"

बाई मटकन खाली बसली. मला वाटलं, आता ही हंबरडा फोडणार. माझ्या डोक्यात संतापाचा नुसता जाळ झाला होता. इतक्या वर्षांची निगराणी, ती काट्यांची कुंपणं, ती दाभणाची खूण, आणि शेवटी कुणाच्या तरी मुलाची नोकरी म्हणून कुणाच्या तरी टेबलावरचा रस्सा. मी बाईसाहेबांना तिथल्या तिथे सगळं सांगितलं. चोरी, पारधी, मोडलेला हात. त्यांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात साहेब बाहेर आले. "कोण तुम्ही? कुणाच्या परवानगीनं आत आलात?"

"मी पोलीस म्हणून आलो नाही," मी म्हणालो. "ही बाई आपल्या कोंबड्या न्यायला आली आहे. मी तिच्या सोबतीला आलो. आपण नाही म्हणालात तर आम्ही रिकाम्या हाताने जाऊ. मग नदीपलीकडच्या कोर्टात, चोरीचा माल कुणाच्या ताटात गेला ते मला शपथेवर सांगावं लागेल."

ते काही बोलायच्या आत बाई उठली. तिने साहेबांकडे बघितलंही नाही.

"बाईसायेब, हितं दुसरा कोंबडा हाय का? गावठी, कसला बी?"

"नाही गं. का?"

"मग ह्या दोघींनी इतक्या दिसांत घातल्याली अंडी द्या. खाल्ली नसतील तेवडी समदी. नर मेला तरी काही दिस त्याचं बी कोंबडीच्या पोटात ऱ्हातं. ती अंडी माज्या कोंबड्याची हाईत."

बाईसाहेब आत गेल्या आणि स्वतः फडक्यात अंडी बांधून घेऊन आल्या. बाईच्या हातात देताना त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं. साहेब तोंड फिरवून उभे राहिले. नावेत बाईने ते फडकं पोटाशी धरलं होतं. घरी पोचल्या पोचल्या अंडी गावठी खुडकीखाली ठेवली, आणि त्या दोन कोंबड्यांना गावचा वारा लागू नये म्हणून माजघरात कोंडलं. त्यांनी पुढे घातलेली अंडीही तिने वाया जाऊ दिली नाहीत.

केस उभी राहिली. कोर्टात काय झालं ते सांगायला मला आजही जड जातं. पाटलाचा वकील म्हणाला, कोंबड्या गड्याने स्वतःच्या हावेने चोरल्या, आता मालकावर ढकलतो आहे. मुद्देमाल परहद्दीतून फौजदाराने बेकायदा आणला. गड्याला शिक्षा झाली. पाटील सुटला. या सगळ्या प्रकरणात खरं बोललेला एकच आरोपी, आणि तुरुंगात तोच गेला. जाताना तो माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला पडू दिलं नाही.

मारहाणीचा गुन्हा मी वेगळा नोंदवला होता. गावातून एक साक्षीदार मिळाला नाही. कुणी त्या दिवशी शेतावर होतं, कुणी कोल्हापूरला गेलं होतं, कुणाला दिसत नव्हतं. सगळ्या गावाने मारलं, म्हणून कुणीच मारलं नाही. पिंजऱ्यात उभी राहिली ती एकटी बाई. पाटलाच्या मुलाकडे बोट करून म्हणाली, "ह्यानं काठ्या घातल्या. मी बगितलं." वकिलाने तिला विचारलं, "बाई, नवरा परमुलखात, आणि तुम्ही एका पारध्यासाठी कोर्टाची पायरी चढता?" त्या 'पारध्यासाठी'त त्याने जी घाण घातली होती ती कोर्टातल्या प्रत्येकाला कळली. बाई म्हणाली, "माज्या कोंबड्यांच्या नावानं त्याचा हात मोडला. मग मी न्हाई तर कोन चढनार?" मुलाला समज देऊन सोडण्यात आलं. पाटलाची पाटीलकी काही काळ काढून घेतली आणि माझी बदली झाली.

पुढे वर्षभराने बंदोबस्ताच्या निमित्ताने मला त्या गावावरून जायला मिळालं. मुद्दाम ओढ्याच्या बाजूने घोडा घातला. पालाच्या भोवती बाभळीच्या काट्यांचं दुहेरी कुंपण होतं आणि आत पांढऱ्या कोंबड्या चरत होत्या. मधोमध पिवळ्या पायांचा तरणा कोंबडा. पारधी डाव्या हाताने कण्या फेकत होता. उजवा हात तसाच वाकडा. त्या हाताने फासे मांडता येत नव्हते, म्हणजे त्याचा धंदा संपला होता. आणलेल्या अंड्यांतून बाईला नर मिळाला होता. निम्मी पिल्लं तिने याच पालावर अर्धेलीने वाढवायला दिली होती, म्हणजे वाढ झाली की निम्मी तिची, निम्मी यांची. गावात त्यावरून काहूर उठलं. चोराच्या हाती कोंबड्या! ती म्हणाली होती, "कोंबड्या माज्या हाईत. कुनाच्या दारात ठिवायच्या ते मी ठरवीन."

पोलिसाची नोकरी चांगली की वाईट हे मला अनेकांनी विचारलं आहे. त्या केसने मला एवढंच शिकवलं, की चोर शोधणं अवघड नसतं. आधीच चोर ठरवून मोकळं झालेल्या माणसांपुढे खरं मांडणं अवघड असतं, कारण त्यांना खऱ्याची गरजच उरलेली नसते. कायद्याच्या तराजूत कोंबड्यांचं वजन होतं. त्या हाताचं झालं नाही.

पारध्याची बायको पालातून बाहेर आली. मी विचारलं, "गावातून कुणी अंडी न्यायला येतं का?"

"येत्यात की. समदी येत्यात. पाटलाच्या घरचं बी येत्यात. इलायती अंडी म्हणून आता माज्या दारात उभं ऱ्हात्यात."

"मग देता?"

"देतो. पर आदी इचारते. म्हणलं, माज्या मालकाला मारलं त्या दिशी तुमी कुटं हुता?"

"काय सांगतात?"

"गावात न्हवतो म्हणत्यात. समदंच. एक बी गावात न्हवता, सायेब."

"आणि तरीही अंडी देता?"

"देतो की," ती म्हणाली. "पर इचारल्याबगर न्हाई."